रोमलीचा कान

मलेशियाच्या सीमेजवळच्या चाना बाजारात, बांग हेमच्या चहाच्या दुकानात एका शुक्रवारी पैज लागली. रस्त्यावरून पिंजऱ्यांनी भरलेली एक गाडी जाणार होती. आत कापड पांघरलेले अकरा कवडे. रस्त्याकडे पाठ करून बसलेल्या रोमलीने एवढंच सांगायचं, की जो बोलेल तो कवडा याला नावाच्या शहरातल्या मूसाचा आहे की नाही. हरला तर सगळ्या दुकानाला त्याच्याकडून रोटी.

गाडी वळणावर हळू झाली. आतला एकच कवडा एकदाच बोलला. रोमलीने हातातला पेला खालीसुद्धा ठेवला नाही.

"मूसाचा नाही," तो म्हणाला. "त्याच्या कवड्याचा भाऊ आहे. एकाच घरट्यातला. शेवटचा सूर अगदी तोच, पण हा मधे दम घेतो."

गाडीवाल्याने करकचून ब्रेक दाबला, खाली उतरला आणि तोंड वासून विचारलं, "तुम्हाला कुणी सांगितलं हो?" दुकानात असा काही गलका झाला की बांग हेमच्या हातून दुधाचा डबा सांडला. बांग म्हणजे थोरला भाऊ; मानाने कुणालाही म्हणतात, बायको नवऱ्यालाही. त्या दिवसापासून पोरंसोरंच काय, रोमलीपेक्षा वयाने मोठी माणसंही त्याला बांग रोमली म्हणायला लागली.

चाना भागात कवड्याच्या आवाजासाठी माणसं वेडी होतात. पक्षी मुठीएवढा, अंगावर बारीक पट्टे, दिसायला काही नाही. पण गळा! सकाळच्या उन्हात मैदानात उंच खांबांवर पिंजरे चढवतात, खाली पंच फिरतात, आणि पहिला सूर, मधला सूर, शेवटचा लांबलेला सूर असं तोलून गुण देतात. पंचाने हात केला की खांबाला झेंडी लागते, आणि गुण जितके वरचे तितका झेंडीचा रंग वरचा. दोरीपलीकडे मालक घसा फुटेस्तोवर आपल्या पक्ष्याला चुचकारत असतात. अशा मैदानात रोमली एकोणीस वर्षं पंच होता. पहाटे रबराच्या झाडांना चिरा द्यायच्या, चीक गोळा करायचा, उरलेला दिवस कवड्यांचा. बायको रोस्ना शिलाई यंत्रावर पिंजऱ्यांचे अभ्रे शिवायची. मुलगी फातिन हातयाईच्या इस्पितळात परिचारिका होती. एकूण काय, बरं चाललं होतं.

मग साथीचं वर्ष आलं. मैदानं ओस पडली, खांब गंजले. कान असलेला माणूस घरात बसून भिंतीवरच्या पालीची चुकचुक ऐकू लागला. फातिनला राहवेना. सुट्टीला आली तेव्हा तिने बापाच्या हातात नवाकोरा मोबाइल ठेवला.

"पा, मैदान बंद आहे, पण पक्षी थोडेच बंद आहेत? लोक यावर आवाज पाठवतील. तुम्ही इथे बसून ऐका आणि सांगा."

पहिल्याच आठवड्यात चमत्कार झाला. केलांतानहून एकाने आवाज पाठवला, मग जावा बेटावरून एकाने, मग ब्रुनेईहून. रोमली ऐकायचा, दोन वाक्यं बोलून उलट पाठवायचा, की पलीकडून लाल बदामांचा पाऊस! 'गुरुजी, अगदी बरोबर बोललात!' एकदा त्याने फातिनच्या सांगण्यावरून थेट प्रक्षेपण केलं. अंगणात लुंगी सावरत बसला, आपल्या तीन कवड्यांबद्दल बोलला. बघणारे किती? दोन हजार तीनशे! ज्या माणसाने जन्मात दोनशे जणांसमोर भाषण केलं नव्हतं, त्याला दोन हजार माणसं बघत होती. तो धावत स्वयंपाकघरात गेला.

"रोस्ना! अगं रोस्ना! इंडोनेशियातली माणसं मला सलाम करतायत!"

"त्यांना म्हणावं वालेकुम सलाम. आणि येताना कोंबड्यांना दाणे टाक," रोस्ना म्हणाली. पण तीही हसत होती. नवऱ्याच्या तोंडावर इतका उजेड तिने लग्नातसुद्धा पाहिला नव्हता.

हा उजेडच पुढे नडला. आवाज ऐकण्यासाठी उघडलेला फोन, आवाज ऐकून झाला तरी मिटेना. एका कवड्यानंतर आपोआप दुसरा व्हिडिओ यायचा, दुसऱ्यानंतर मासेमारीचा, मग नारळावर चढणारं माकड, मग कुणीतरी भांडतंय, कुणीतरी रडतंय, कुणीतरी समुद्रात पडतंय. प्रत्येक वेळी वाटायचं, पुढचा याहून भारी असेल. आणि कधी कधी असायचाही! तिथेच तर मेख होती. दहा फालतू गेले तरी अकराव्याला असा काही झटका बसायचा की अंगठा पुन्हा वर सरकलाच. चिरा द्यायला गेला तरी एका हातात चाकू, दुसऱ्यात फोन. दोन झाडांची साल त्याने लाकडापर्यंत कापली. 'अंधारात दिसलं नाही' म्हणाला. नमाजाला उभा राहिला की खिसा थरथरल्यासारखं वाटायचं, आणि नंतर बघावं तर काहीच आलेलं नसायचं. तेव्हा तर आणखी वाईट वाटायचं, की काहीच का आलं नाही?

बांग हेमच्या दुकानातही हीच तऱ्हा होती. पूर्वी तिथे एका कवड्यावरून चार माणसं तासभर भांडायची. आता बाकावर बसलेल्या सहा जणांच्या सहा माना खाली. बांग हेम म्हणायचा, "माझ्या दुकानाला तुम्ही वाचनालय करून टाकलंत. फक्त वाचत कोणी नाही."

रोस्नाने आधी टोमणे मारून पाहिले. "घरात कवडे तीन, चौथा तू. त्या तिघांना निदान सकाळी कंठ तरी फुटतो." मग रागावून पाहिलं. मग गप्प बसून पाहिलं. गप्प बसलेलं तर त्याच्या लक्षातच आलं नाही.

आणि मग ती डोळ्याची गोष्ट घडली.

रोस्नाच्या उजव्या डोळ्यात मोतीबिंदू झाला होता. सुईत दोरा ओवता येईना. इस्पितळाची तारीख मिळाली तेव्हा तिने नवऱ्याला सांगितलं. तो "हं" म्हणाला. आठवड्याने पुन्हा सांगितलं. "हं." आदल्या दिवशी जेवताना तिसऱ्यांदा सांगितलं, "बांग, उद्या सकाळी सातला निघायचंय, गाडी काढशील ना?" त्याने मान डोलावली, आणि फोनमधल्या कुणाला तरी हसला.

सकाळी सातला तो गाडीजवळ नव्हता. मागच्या अंगणात खुर्चीवर बसून ब्रुनेईच्या कवड्याला उत्तर देत होता. रोस्ना शेजारणीच्या दुचाकीवर बसून गेली. शस्त्रक्रिया झाली. दुपारी परत आली, डोळ्यावर पांढरी पट्टी. तो अजून खुर्चीतच होता. तिने समोर भात ठेवला, तो जेवला. अर्धा भात संपल्यावर त्याची नजर वर गेली.

"अगं, हे काय झालं डोळ्याला?"

रोस्ना ओरडली नाही. ती त्याच्याकडे उरलेल्या एका डोळ्याने बघत राहिली आणि म्हणाली, "मूसाच्या कवड्याचा भाऊ तुला चालत्या गाडीतून ओळखता येतो."

त्या दिवशी रोमलीने कुराणावर हात ठेवून शपथ घेतली असती, इतकं त्याला लागलं. फोन बंद करून कपाटात ठेवला. तीन दिवस तो रोस्नाच्या डोळ्यात औषधाचे थेंब घालत होता. चौथ्या दिवशी वाटलं, निदान कोणी आवाज पाठवलाय का ते तरी बघावं. लोक काय म्हणतील, बांग रोमली मेला की काय? कपाट उघडलं. एकशे बारा निरोप! छाती अशी धडधडली की जणू हरवलेला मुलगा सापडला.

साथ सरली, मैदानं उघडली. सोंगखलाच्या मोठ्या मैदानावर दोन वर्षांनी पहिली मोठी स्पर्धा जाहीर झाली आणि सगळा मुलूख पेटून उठला. मलेशियाहून गाड्या भरून माणसं आली. चारशे खांब, चारशे पिंजरे, वर रेशमी अभ्रे झळकतायत, खाली चिकट भात आणि तळलेल्या कोंबडीचा वास, आणि चोहोकडून कवड्यांचा एकच कल्लोळ. रोमलीच्या अंगावर काटा आला. हेच! हेच तर त्याचं घर होतं!

पंचांनी आपापले फोन टेबलावरच्या टोपलीत ठेवायचे असा नियम होता. रोमलीने सगळ्यांत आधी ठेवला. बिल्ला लावला आणि पंचवीस ते छत्तीस या आपल्या खांबांखाली जाऊन उभा राहिला. सत्ताविसाव्या खांबावर लुंग चोमचा कवडा होता. लुंग चोम, म्हणजे चोम काका, अठ्ठ्याहत्तर वर्षांचा. रोमली लहान असताना त्यानेच त्याला पिंजऱ्याखाली बसवून पहिला सूर कोणता नि शेवटचा कोणता हे शिकवलं होतं. एकाची वाट मशिदीची, दुसऱ्याची विहाराची, पण कवड्याच्या बाबतीत रोमलीचा बाप म्हणावा तर तोच.

घंटा झाली. पहिली दहा मिनिटं झकास गेली. मग रोमलीची उजवी मांडी थरथरली.

त्याचा हात खिशाकडे गेला. खिसा रिकामा! फोन तर तिकडे टोपलीत. पण मांडी पुन्हा थरथरली, अगदी खरीखुरी. कोणी असेल? केलांतानचा? सकाळी टाकलेल्या व्हिडिओला किती बदाम आले असतील? हजार झाले असतील का? आज एवढी गर्दी, दोन हजारसुद्धा होतील... तो खांबांखाली उभा होता, मान वर होती, डोळे पिंजऱ्यावर होते. आणि तो तिथे नव्हता.

लुंग चोमचा कवडा चारदा बोलला. एकामागून एक, चारही वेळा शेवटचा सूर हवेत टांगून ठेवल्यासारखा लांबवला. दोरीपलीकडची माणसं "हो! हो! हो!" करून नाचू लागली. रोमलीचा हात वर गेला नाही.

घंटा झाली. मुख्य पंच वही घेऊन आला. "बांग रोमली, सत्तावीस?"

"बोलला नाही," रोमली म्हणाला.

असा कल्ला उठला! "आंधळा आहे का बहिरा?" "चारदा बोलला, चारदा!" शेजारच्या ओळीचा पंचसुद्धा पुढे येऊन पुटपुटला, "बांग, मी तिकडून ऐकला." पण नियम म्हणजे नियम, खांबाखालच्या पंचाचा शब्द शेवटचा. रोमली अडून राहिला असता तर कुणी काही करू शकलं नसतं. त्याने दोरीकडे पाहिलं. लुंग चोम ओरडत नव्हता. त्याने डोक्यावरची वेताची टोपी काढून छातीशी धरली होती आणि आजारी माणसाकडे बघावं तसा तो रोमलीकडे बघत होता.

रोमलीचे कान तापले. मग तो मोठ्याने, सगळ्या मैदानाला ऐकू जाईल असं म्हणाला, "बोलला असेल. मी ऐकलं नाही. मी इथे उभा होतो, पण माझं लक्ष नव्हतं. सत्ताविसाला गुण द्या, आणि मला काढा."

आणि त्याने बिल्ला उतरवून वहीवर ठेवला.

हे कुणीतरी फोनवर टिपलं होतंच. घरी पोचेपर्यंत ते गावोगाव झालं होतं. 'कान हरवलेला पंच!' खाली हसणारी तोंडं, शिव्या, काही दयेचे शब्द. रोमली अंगणात बसला आणि एकेक वाचू लागला. वाचवत नव्हतं, पण थांबताही येत नव्हतं. पाचशे झाले. आठशे झाले. आकडा वाढला की तोच जुना झटका, तीच धडधड! एका क्षणी त्याच्या लक्षात आलं की हजार व्हायची तो वाट बघतोय. स्वतःच्याच बदनामीचे हजार! त्याला स्वतःची भीती वाटली, तरी अंगठा हलतच राहिला.

रोस्ना शेजारी येऊन बसली. "बांग, फजिती झाली ती सकाळी दहाला. आता चार वाजले. अजून तिथेच उभा आहेस होय?"

त्याने मान वर केली. डोळे भरले होते. "मला सुटत नाही गं हे," तो म्हणाला. असं तो पहिल्यांदाच बोलला.

"मग सुटत नाही असं म्हण. बघतच नाही, वेळ बघतोय, कामाचं आहे, असं नको म्हणूस. आण इकडे." तिने फोन घेतला आणि ओढणीच्या टोकात बांधला. "उद्या लुंग चोमकडे जा."

लुंग चोमच्या घरी जाताना रोमलीने माफीचं मोठं भाषण पाठ केलं होतं. म्हाताऱ्याने पहिलं वाक्यही पुरं होऊ दिलं नाही.

"माफीचं काय लोणचं घालू? बस इथे." त्याने पिंजऱ्याखालच्या चटईकडे बोट दाखवलं. "हा बोलेपर्यंत बसायचं. बोलला की काय बोलला ते मला सांगायचं, आणि घरी जायचं. बास."

सोपं वाटलं. सहाव्या मिनिटाला रोमली उठला. पाणी प्यायला. पुन्हा बसला, पुन्हा उठला. हातांना काय करावं कळेना. पाठीला घाम सुटला, उगाचच रागही आला. पक्ष्यावर, म्हाताऱ्यावर, जगावर. तेवढ्यात लुंग चोम खो खो हसायला लागला.

"रोमली, अंगठा बघ तुझा! मान कापलेल्या कोंबडीच्या पायासारखा हलतोय!"

खरंच. मांडीवर ठेवलेल्या हाताचा अंगठा आपला आपण वर सरकत होता. वर, वर, वर. रोमलीने बघितलं आणि तोही हसला. हसता हसता कवडा बोलला, आणि तो त्या दिवशीही ऐकायचा राहिला! "उद्या ये," म्हातारा म्हणाला.

दुसऱ्या दिवशी त्याने ऐकला, पण मधला सूर सुटला. पाचव्या दिवशी तिन्ही सूर धरले. कधी पक्षी दहा मिनिटांत बोलायचा, कधी दीड तास गप्प. दीड तासाच्या दिवशी रोमलीला वाटायचं आपलं डोकं फुटेल. पण तिसऱ्या आठवड्यात एक गंमत झाली. वाट बघता बघता त्याला बाकीचं ऐकू येऊ लागलं. पक्षी दांडीवर पाय बदलतो तो आवाज, बोलण्याआधी गळ्यात हवा भरतो ती बारीक घरघर. घरी आला तर रोस्नाचं शिलाई यंत्र चालू होतं.

"पट्टा ढिला झालाय यंत्राचा," तो म्हणाला. "दर चौथ्या टाक्याला घसरतोय."

रोस्नाने पाय थांबवले. पट्टा चाचपला. ढिला होता. मग ती सहज म्हणून शेजारणीच्या लेकीच्या लग्नाचं सांगायला लागली, आणि त्याने मधे तीन प्रश्न विचारले. तिने त्याच्या कपाळाला हात लावून पाहिला. "ताप नाही ना रे?"

फातिन सुट्टीला आली तेव्हा तिच्या डोळ्यांत पाणी. "पा, माझंच चुकलं. मीच दिला तो."

"तुझं कसलं चुकलं? त्या फोनात मला दोनशे कवडे भेटले. पण मी त्यांना ऐकायचं सोडून माझे बदाम मोजत बसलो." मग त्याने तिच्याकडे निरखून पाहिलं. "आणि काय गं, बोलताना तुझा हात पिशवीत कशाला चाललाय सारखा?"

फातिनने हात झटकन बाहेर काढला आणि दोघं फिदीफिदी हसली.

फोन टाकून देणं त्याला जमणारं नव्हतं. म्हणून त्याचं बिऱ्हाड बांग हेमच्या दुकानात हलवलं. साखरेच्या डब्यामागे तो ठेवलेला असायचा. रोज दुपारच्या नमाजानंतर रोमली जायचा, आलेले आवाज ऐकायचा, उत्तरं पाठवायचा, एक चहा संपला की उठायचा. नेहमी जमायचं असंही नाही. एकदा एकाच दिवसात तो चौथ्यांदा दुकानात शिरला, तेव्हा बांग हेमने चहाची किटली वरच्या वर धरून विचारलं, "हा चौथा चहा, की चौथा फोन?" रोमली लाजला, आणि निमूटपणे मागे वळला. एकदा तर तीन दिवस सलग घसरला. मग लुंग चोमच्या चटईवर पुन्हा पहिल्यापासून.

वर्ष उलटलं. पंच मंडळाने बरीच भवति न भवति करून ठरवलं, रोमलीला एक संधी द्यायची. नवख्या पक्ष्यांच्या ओळीत, आणि तीही अनुचा नावाच्या तिशीतल्या पंचाच्या देखरेखीखाली. ज्याच्या बापाला रोमलीने शिकवलं, तो आता रोमलीच्या मागे वही घेऊन फिरणार! रोमली म्हणाला, "चालेल. धावत चालेल."

या खेपेला रोस्नाही निघाली. इतक्या वर्षांत ती मैदानावर कधी आली नव्हती. "आता दोन्ही डोळ्यांनी दिसतं," ती म्हणाली, "तर बघू तरी हे काय वेड आहे ते."

मैदान पुन्हा तसंच, झळझळीत, गजबजलेलं. रोमलीच्या वाट्याला एकावन्न ते सत्तर. त्रेसष्टाव्या खांबाखाली, दोरीच्या पलीकडे, पट्टानीच्या एका मच्छीमार वस्तीतून आलेली याह नावाची बाई उभी होती. शाळेत पोरांचा स्वयंपाक करायची. आयुष्यातली पहिली स्पर्धा. तिच्या पिंजऱ्याच्या दोन काड्या मासे पकडायच्या दोऱ्याने बांधलेल्या. आणि कवडा? तीन फेऱ्या झाल्या, ढिम्म! चकार शब्द नाही. शेजारचे मालक हसत होते. "ताई, त्याला कालवणात घाल!" याह ओठ चावून उभी होती.

चौथी, शेवटची फेरी. सात मिनिटं उरली होती. रोमली त्रेसष्टाखाली आला आणि थबकला.

"चला बांग," अनुचा म्हणाला. "हा बोलणारा नाही. चौसष्ट, पासष्ट राहिलेत."

"थांब," रोमली कुजबुजला. "हवा भरतोय तो."

"काय भरतोय?"

"शू!"

एक मिनिट गेलं. काही नाही. अनुचा घड्याळ बघू लागला. रोमली हलला नाही. दोरीपलीकडची माणसं एकमेकांना कोपराने ढोसू लागली, 'तोच हा, कान हरवलेला!' कुणी फोन वर धरला. रोमलीला ते दिसलं. मांडी? मांडी थरथरली, हो, अजूनही थरथरली. त्याने तिला थरथरू दिलं. वर दांडीवर पाय बदलल्याचा आवाज झाला.

आणि कवडा बोलला.

पहिला सूर टणक, मधला गोल, आणि शेवटचा... तो संपतच नव्हता! याहने दोन्ही हात तोंडावर दाबले. अनुचाच्या हातातली वही खाली पडली. रोमलीचा हात असा वर गेला की खांद्याचं हाड वाजलं. "पिवळी!" तो ओरडला. "पिवळी झेंडी! मुख्य पंचांना बोलवा!"

पिवळी म्हणजे सगळ्यांत वरची. ती लावायची तर तीन पंचांनी ऐकायला हवं, म्हणजे पक्ष्याने पुन्हा बोलायला हवं. मुख्य पंच धावत आला. तीन मिनिटं उरली. "नवख्यांच्या ओळीत पिवळी?" तो धापा टाकत म्हणाला. "खात्री आहे, बांग?"

"बोलेल. फक्त गप्प रहा."

आता अख्खी दोरी गप्प झाली. शेजारच्या ओळीतली माणसंही वळून बघू लागली. दोन मिनिटं. फोन वर धरलेला तो माणूससुद्धा फोन खाली करून कान देऊ लागला. दीड मिनिट. रोस्ना मागे उभी राहून ओढणीचं टोक चावत होती. एक. रोमलीला आता मैदान नव्हतं, माणसं नव्हती, अब्रू नव्हती; वर एक इवलासा गळा होता आणि त्यात भरत चाललेली हवा.

"आला," तो पुटपुटला.

आणि आला! पहिल्याहून सरस! अनुचाचा हात वर, मुख्य पंचाचा हात वर, आणि खांबाला पिवळी झेंडी लागली तोच घंटा घणाणली. मग जे काही झालं! याह दोरीखालून अशी घुसली की एक चप्पल मागेच राहिली. ती खांबाला मिठी मारून रडत होती, हसत होती. मघाशी कालवणाचा सल्ला देणारा बाप्या सगळ्यांत मोठ्याने ओरडत होता. रोस्ना तर अनोळखी बायकांचे हात धरून उड्या मारत होती, "माझा नवरा! तो माझा नवरा!" लुंग चोम गर्दीतून वाट काढत आला, आणि रोमलीच्या पाठीत असा धपाटा घातला की तो दोन पावलं पुढे गेला. अनुचाने वहीवरची धूळ झटकली आणि पहिल्या पानावरची 'देखरेखीखाली' ही ओळ पेनाने खोडून टाकली. तसं करायचा त्याला अधिकार नव्हता. पण मुख्य पंचाने तिकडे पाहून न पाहिल्यासारखं केलं.

दुपारी सगळे झाडाखाली चटई टाकून बसले. तळलेली कोंबडी, चिकट भात, बर्फाचा चहा. याह सांगत होती, हा कवडा तिला कसा मिळाला, वादळात घरट्यातून पडलेला, शाळेच्या चुलीजवळ पातेल्याखाली कसा वाढवला, आणि नवरा कसा म्हणायचा, हा मुका आहे, सोडून दे. सांगून झालं की ती पुन्हा सुरुवातीपासून सांगायची, दर वेळी वादळ थोडं मोठं व्हायचं. चौथ्या वेळी तिच्याच लक्षात आलं आणि ती ओशाळली. "मी आपली तेच तेच सांगतेय."

"सांग की," रोमली पुढे सरकून म्हणाला. "पातेल्यापर्यंत आली होतीस."